डोह भरू द्यायचा नाही

मी आयुष्यात कधी मासा खाल्लेला नाही आणि माशांचा अभ्यास हा माझा धंदा आहे. हे ऐकलं की लोक हसतात. हसू देत. दोंडाईच्याच्या मिरचीच्या व्यापाऱ्याची, जैन घरातली मुलगी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पांझरेच्या पात्रात उभी राहते आणि पाण्याचा वेग मोजते, यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण हसणाऱ्यांना थांबवत बसण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

आमचे पणजोबा मारवाडातून आले आणि दोंडाईच्यात राहिले. घरात आम्ही मारवाडी बोलतो, दुकानात गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि शाळेत पुस्तकातली मराठी. घरातलं बोलणं इथे मी मराठीतच लिहिते आहे, कारण मारवाडी लिहायला गेले तर माझी आईच त्यात चुका काढेल. प्राणिशास्त्र शिकले, धुळ्याच्या कॉलेजात शिकवायला लागले आणि संशोधनासाठी मासे निवडले, तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. मग आईनं एक अट घातली: नदीवरून आलीस की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. बाबूजींनी फक्त एक प्रश्न विचारला.

"मारत नाहीस ना?"

"नाही. बघते, मोजते, सोडून देते."

"मग हरकत नाही," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. त्या एका वाक्यासाठी मला बाबूजी फार आवडतात. पुढे जे झालं ते सांगताना मी त्यांच्यावर चिडलेली दिसेन, आणि चिडले होतेच, पण हे वाक्य मी विसरलेले नाही.

स्थळं यायची तेव्हा आई पाहुण्यांना सांगायची, मुलगी पाण्याचा अभ्यास करते. पाहुण्यांना वाटायचं, नळयोजनेच्या खात्यात आहे. एकदा मी चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हटलं, पाण्याचा नाही, माशांचा. ते स्थळ चाळीसगावचं होतं. परत आलं नाही. आईनं आठवडाभर अबोला धरला आणि मी आठवडाभर सुखात नदीवर गेले.

नदी म्हणजे पांझरा. साक्रीच्याही वर, जिथे डोंगर जवळ येतात तिथे एका गावाच्या खाली देवीचा डोह आहे. डोह खोल, काळा, वर वडाची सावली. त्या डोहात कुणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही. देवीचे मासे आहेत म्हणतात. भाविक येतात, चुरमुरे टाकतात, कणकेच्या गोळ्या टाकतात, आणि पाण्याला उकळी आल्यासारखे मासे वर येतात. त्या गर्दीत कधी कधी खालून एक सोनेरी पाठ वळताना दिसते. मोठे खवले, जाड ओठ, आणि सगळ्यांना ढकलून चुरमुरा घेऊन जायची एक राजेशाही सवय. तो महसीर. आसपासच्या नद्यांतून तो संपत चालला आहे. खाली तापीपर्यंत मी शोधला, कुठे म्हाताऱ्या कोळ्यांच्या बोलण्यात सापडला, पाण्यात सापडला नाही. या डोहात मात्र आहे.

आता कुणालाही वाटेल की डोह आहे, गळ नाही, जाळं नाही, खायला चुरमुरे आहेत. महसिराला आणखी काय पाहिजे? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण डोह हे त्याचं राहतं घर. बाळंतपण तिथे होत नाही. डोहाच्या डोक्याशी, जिथून नदी आत येते, तिथे दगडगोट्यांचा एक उथळ पट्टा आहे. पाणी गुडघ्याच्याही खाली, पण इतक्या जोरात पळतं की उभं राहायचं तर पाय रोवावे लागतात. दिवसरात्र त्याचा आवाज चालू असतो. मी त्याला खळाळ म्हणते. पावसाळ्याचा जोर ओसरला की महसीर डोहातून वर चढतो आणि या खळाळातल्या गोट्यांवर अंडी घालतो. अंडी फुटून जी पिल्लं बाहेर येतात त्यांना पोहता येत नाही. पोटाशी पिवळा बलक लोंबत असतो. ती दगडांच्या फटीत डोकं खुपसून शेपटी हलवत पडून राहतात आणि वरून पळणारं ताजं पाणी त्यांना श्वास पुरवतं. बलक संपला, अंगात बळ आलं, की मग फटीतून बाहेर. तोवर ते पाणी थांबता कामा नये.

पाणी थांबलं की काय होतं ते सांगायला फार शिकावं लागत नाही. वाहत्या पाण्यातला गाळ थांबलेल्या पाण्यात खाली बसतो. फटी बुजतात. फटीतली पिल्लं तिथेच गुदमरतात. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, उलट छान भरलेलं निळं पाणी दिसतं आणि लोक फोटो काढतात.

मी तिथे जाऊन काय करायची, तर एका दांडीला बसवलेला छोटा पंखा पाण्यात धरायची. तो किती भराभर फिरतो त्यावरून पाण्याचा वेग कळतो. इथे वेग किती, तिथे खोली किती, गोटे केवढे, आणि पिल्लं नेमकी कुठे. पिल्लं बघायला माझ्याकडे एक डबा होता, बुडाला काच बसवलेला. तो पाण्यावर टेकवला की वरची लकाकी जाते आणि तळ स्वच्छ दिसतो. कपडे धुवायला येणाऱ्या बायका एकमेकींना सांगायच्या, "शेठनी आंडेर शे ती. दिनभर पाणीमा काय शोधस, देव जाने." शेठची आंडेर, म्हणजे शेठची मुलगी. मी एवढी शिकले, कॉलेजात शिकवते, पण नदीवर माझी ओळख शेवटपर्यंत तीच राहिली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

शेठ तिथे सगळ्यांच्या माहितीचे होते, कारण आमच्या गावच्या व्यापाऱ्यांचं एक जीवदया मंडळ आहे आणि बाबूजी त्याचे अध्यक्ष. दर वर्षी पर्युषण पर्व आलं की मंडळ जिवंत मासे विकत घेतं आणि देवीच्या डोहात सोडतं. बाजारात कापले जाणारे जीव वाचवायचे आणि जिथे कुणी मारणार नाही अशा पाण्यात सोडायचे, एवढा साधा, निर्मळ विचार. लहानपणी मीही त्या टेम्पोत बसून गेलेली आहे. पाण्यानं भरलेली पिशवी मांडीवर, आत फडफडणारा मासा, आणि तो सोडताना सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद. तो आनंद खरा होता. मी त्याची कधीच टिंगल केलेली नाही आणि कुणी केली तर मला राग येतो.

पण मासा बघायला शिकल्यावर त्या पिशवीत काय असतं तेही कळलं. बहुतेक सगळी चिलापी. शेततळ्यात वाढवलेली, चाळीसगावकडून नाहीतर जळगावकडून आलेली. चिलापी थांबलेल्या पाण्यात सुखानं राहते आणि दुसऱ्याची अंडी आवडीनं खाते. वाहत्या पाण्यात मात्र तिचं काही चालत नाही, प्रवाह तिला मागे लोटतो. इतकी वर्षं मंडळानं मासे सोडले आणि इतकी वर्षं त्या खळाळानं त्यांना डोहातच थोपवून धरलं. महसिराची अंडी वाचली ती पाण्याच्या वेगामुळे. मी हे बाबूजींना सांगितलं होतं. ते शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "सगळ्यांनाच जगायचं असतं, बेटा."

मग गेल्या पर्युषणाच्या आधी त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. डोहाच्या खाली एक बंधारा आहे, खांबांच्या मध्ये लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवायचा. फळ्यांची रबरं कुजली होती म्हणून पाणी गळायचं. मंडळानं ती बदलून दिली होती. एरवी फळ्या पाऊस पूर्ण संपल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला टाकतात. यंदा मंडळाची इच्छा होती की संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, झाली की लगेच, मासे सोडायच्या दिवशीच टाकाव्यात.

"डोह काठोकाठ भरणार," बाबूजी म्हणाले. "मासे किती आनंदात राहतील!"

मी त्या वेळी धुळ्याच्या स्टँडवर उभी होते. तिथल्याच बाकावर बसले. दोन दिवसांपूर्वी मी खळाळात काचेच्या डब्यातून पिल्लं पाहिली होती. डोह काठोकाठ भरला म्हणजे त्याचं पाणी मागे चढणार, खळाळावर पुरुषभर पाणी उभं राहणार, आणि तो आवाज बंद होणार. आजूबाजूला कुठेच दुसरा खळाळ उरलेला नाही. हा गेला तर डोहातले म्हातारे महसीर चुरमुरे खात आपापल्या मरणापर्यंत जगतील आणि त्यांच्यानंतर कुणी नसेल.

आधी मी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात गेले. साहेब सज्जन होते, त्यांनी पंखा लावला, पाणी मागवलं. म्हणाले, "मॅडम, माझ्या लक्षात येत नाही. आम्ही पाणी अडवतोय. म्हणजे तुमच्या माशांना पाणी जास्तच मिळणार ना?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला जास्त हवा पाहिजे म्हणून मी खिडक्या बंद केल्या तर?"

ते हसले. मग म्हणाले, गावाची मागणी आहे, मंडळाची विनंती आहे, पूर येईल असं दिसत नाही, मी कोणत्या कारणानं नाही म्हणू? आमच्याकडे माशांचा रकाना नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी थट्टेनं नाही, अगदी खरं म्हणून सांगितलं. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, ग्लासातलं पाणी सांडलं, आणि मी ते पुसलं नाही.

मग गावात गेले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आठदहा जण जमले. मी डबा दाखवला, पिल्लांचे फोटो दाखवले. त्यांनी नीट बघितलं. मग पाण्याचं काम बघणारे एक आबा म्हणाले, "पाणी आडावं म्हंजे आम्हन्या विहिरीसले पाणी उतरी, ताई. त्यामा वाईट काय शे?"

"वाईट काहीच नाही, आबा. मी फळ्या टाकूच नका म्हणत नाही. दसऱ्याला टाका, नेहमीसारख्या. तोवर थांबा."

"थांबाले आम्हनं काय जास? पन शेठ लोकेसनी बठ्ठा रबर बदली दिधात. आते आम्ही त्यासले नही कसं म्हनानं?" आबांनी तंबाखू मळली आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "तुम्हना बापलेच सांगा ना!"

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला रडू येत होतं. सरकारी साहेब, गाव, सगळ्यांनी मिळून मला फिरवून फिरवून परत माझ्याच घराच्या दारात आणून सोडलं होतं.

मंडळाची बैठक आमच्या जैन स्थानकाच्या हॉलमध्ये होती. पुरुष पुढे, बायका मागे, आणि बायका बोलत नाहीत. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण नाही बोलत. मी मागच्या रांगेत आईशेजारी बसले. बाबूजींनी यंदाचा कार्यक्रम सांगितला, सगळ्यांनी माना हलवल्या, आणि मी उठून उभी राहिले. आईनं माझ्या ओढणीचं टोक धरलं. मी ते सोडवलं.

"मला एक विचारायचं आहे," मी म्हटलं. "आपल्या घरात विहिरीचं पाणी गाळायचे. गाळण्यावर जे जीव राहायचे त्यांचं काय करायचे?"

मग पुढच्या रांगेतले एक म्हातारे काका, ज्यांना कमी ऐकू येतं, ते मोठ्यानं म्हणाले, "परत विहिरीत सोडायचे. दुसरं काय?"

"कुठल्याही विहिरीत?"

"कुठल्याही कशी? ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत!" काकांना माझ्या अडाणीपणाचा राग आला होता. "गोड्या पाण्यातले जीव खाऱ्या विहिरीत टाकलेस तर मरतील ना!"

हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरी जुन्या विहिरीवर आई गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायची, ते लोट्यात धरायची, आणि लोटा दोरीनं हळूहळू सोडून पाण्याला टेकला की उलटा करायची. वरून ओतायचं नाही, जीवांना मार लागतो. जे डोळ्यांना दिसतही नाहीत त्यांच्यासाठी एवढं सगळं. मी याच घरात वाढले आहे. मला जीवदया शिकवायला कुणी बाहेरून आलं नव्हतं, आणि ती मी कुठे जाऊन विसरलेही नव्हते.

"मग शेततळ्यातले मासे पांझरेत का सोडता?" मी विचारलं. "ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत, हे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी पाळता. हातभर लांबीच्या माशासाठी का नाही? तुमची चिलापी त्या पाण्यातली नाही. आणि तुम्ही फळ्या टाकलात तर जे त्या पाण्यातले आहेत ते मरतील. तिथे आत्ता पिल्लं आहेत. मी बघितली आहेत. तुम्ही मारायला जात नाही आहात हे मला माहीत आहे. पण मरतील."

बाबूजी माझ्याकडे बघत नव्हते. "बाकीचं घरी बोलू," ते म्हणाले.

घरी काही बोलणं झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी कळलं की मंडळानं यंदा मासे विकत घ्यायचे नाहीत असं ठरवलं. काकांनी आग्रह धरला म्हणे. मी आनंदानं उडी मारणार तेवढ्यात आईनं उरलेलं सांगितलं. मासे नाहीत तर नाहीत, पण डोह भरायचा. तहानलेल्या जीवांना पाणी देणं यासारखं पुण्य नाही. फळ्या टाकायचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होणार.

मला तेव्हा जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. एवढं बोलून, एवढं दाखवून, यांच्या डोक्यातून एकच गोष्ट जात नव्हती: पाणी म्हणजे साठलेलं पाणी. नदी म्हणजे लांबट आकाराची टाकी. वाहून गेलं ते वाया गेलं. ऑफिसातले साहेब तेच म्हणतात, गाव तेच म्हणतं, माझा बाप तेच म्हणतो. खळाळातून पळणाऱ्या पाण्याकडे बघून सगळ्यांना हळहळ वाटते, आणि मी म्हणत होते की ते पळणं हेच तिथल्या जीवांचं अन्नपाणी आहे. मी आईला म्हटलं, मी तिथे जाऊन उभी राहणार आहे. फळ्या टाकायच्या तर माझ्यासकट बुडवा.

आई म्हणाली, "टॉवेल घेऊन जा."

संवत्सरीचा उपवास झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं झालं, आणि दोंडाईच्याहून गाड्या निघाल्या. मी त्यांच्या आधीच धुळ्याहून पोचले होते. खळाळाच्या मधोमध एक सपाट काळा खडक आहे, त्यावर पिल्लं नसतात, आणि काठापासून तिथवर जायला मोठ्या दगडांची वाट आहे. मी त्या खडकावर जाऊन उभी राहिले. पाणी पोटऱ्यांवर आदळत होतं. आदल्या दिवशी पाऊस नव्हता, त्यामुळे तळ दिसत होता.

खाली बंधाऱ्यावर माणसं जमली. फळ्या खांबांना टेकवून ठेवलेल्या होत्या, त्यांना हळदकुंकू लागलं. मंडळाचे लोक पांढऱ्या कपड्यांत, गावचे लोक, आबा, देवळाच्या पायऱ्यांवर बायका. कुणीतरी मला पाहिलं. बोटं दाखवून झाली. मग बंधाऱ्यावरून आवाज आला, "शेठ, ती ताई तठेच उभी शे. हाली नही ऱ्हायनी."

बाबूजी काठाकाठानं चालत वर आले. पांढरा झब्बा, हातात चपला. संवत्सरीनंतर भेटेल त्याला हात जोडून क्षमा मागायची आमच्यात रीत आहे. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर माफ कर. त्यांनी काठावर उभं राहून हात जोडले आणि पाण्याच्या आवाजातही ऐकू जावं म्हणून जोरात म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्!"

यावर तेच उत्तर द्यायचं असतं. लहानपणापासून मी दर वर्षी देत आले. मी हात जोडले नाहीत.

"मला नका म्हणू," मी ओरडून सांगितलं. "ज्यांना म्हणायचं ते खाली आहेत."

त्यांचा चेहरा पडला. मला आतून फार वाईट वाटलं आणि तरी मी हात जोडले नाहीत. एवढ्या लोकांत अध्यक्षांच्या मुलीनं क्षमा नाकारली होती. मागे मंडळातले दोघेतिघे येऊन उभे होते, त्यांच्यातला एक म्हणाला, जाऊ द्या शेठजी, पोरगी हट्टी आहे, काम उरकून घेऊ. बाबूजींनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी चपला खाली ठेवल्या, पायजमा वर खोचला आणि सरळ पाण्यात पाय घातला.

बाबूजी नदीत कधी उतरत नाहीत. पाण्यातसुद्धा जीव आहे म्हणून विनाकारण त्यात पाय घालायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं. मला वाटलं ते मला हाताला धरून ओढून न्यायला येत आहेत. कदाचित तसंच होतं, मी नंतर कधी विचारलं नाही. पण ते दगडांच्या वाटेनं आले नाहीत, त्यांना ती ठाऊक नव्हती. ते मधून आले, गोट्यांवरून.

"थांबा!" मी किंचाळले. "बाबूजी, थांबा! पाय हलवू नका!"

माझा आवाज असा काही निघाला की ते जागच्या जागी थांबले. एक पाय पुढे, एक मागे, पाणी झब्ब्याच्या टोकाला लागलेलं. मी खडकावरून वाकले, हात लांबवून काचेचा डबा त्यांच्या पुढच्या पायाशेजारी पाण्यावर टेकवला.

"बघा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला आणि वाकून डब्यात बघितलं. चष्मा खाली घसरला, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरला. मीही बघितलं. त्यांच्या अंगठ्याच्या पुढेच, दोन गोट्यांच्या फटीत पिल्लं होती. तांदळाच्या कणीएवढी डोकी आत खुपसलेली, पिवळी पोटं, आणि सगळ्यांच्या शेपट्या एकसारख्या थरथरत होत्या. पाणी त्यांच्यावरून पळत होतं.

ते बराच वेळ बघत राहिले. मी काही समजावून सांगितलं नाही. सांगायचं ते सगळं वर्षानुवर्षं सांगून झालं होतं.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे आहेत. या सगळ्या पट्ट्यात."

खालून बंधाऱ्यावरून हाक आली, "शेठ, फळ्या टाकूत का?"

बाबूजींनी मान वर केली नाही. मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात उचलून हवेत धरला आणि "थांबा!" म्हणून असे ओरडले की देवळाच्या पायऱ्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. दुकानात हमालावरसुद्धा ते कधी एवढ्या मोठ्यानं ओरडलेले मी ऐकले नव्हते. बंधाऱ्यावरच्या माणसांनी उचललेली फळी परत खाली टेकवली.

बाबूजी आपल्या पायांकडे बघत होते. पुढचा पाय बघितला, मागचा बघितला, मागे आलेली वाट बघितली. चालताना मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून अंगणात नजर खाली ठेवून चालणारा हा माणूस त्या गोट्यांच्या मधोमध उभा होता.

"आता मी बाहेर कसा येऊ?" त्यांनी मला विचारलं.

"येऊ नका," मी म्हटलं. "पिल्लं पोहायला लागेपर्यंत तिथेच उभे राहा."